लग्नाचा गूळ

३ मार्च १९५७, वालावल

गिरणीच्या टाइमकीपर ऑफिसात सगळा जन्म दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिण्यात गेला. निवृत्त होऊन गावी आलो, तरी हात स्वस्थ बसत नाही. म्हणून ही वही. शिवाय आज मला भीती वाटते आहे आणि ती बायकोला, सावित्रीला, सांगण्यात अर्थ नाही. ती हसेल.

सकाळी भिकाजीदादा आला. माझा थोरला चुलतभाऊ. वरच्या भरडावर, म्हणजे कातळाच्या माळावर, त्याची काजूची बाग आहे. बोंडं पिकायला लागली की दरवर्षी चार घरं मिळून त्यांचा रस काढतात. तो फेसाळला की हौसाकाकीच्या तांब्याच्या भांड्यात चढवतात आणि जे थेंबथेंब पडतं त्याला हुर्राक म्हणतात. सरकार त्याला दारू म्हणतं आणि माणसाला आत टाकतं.

"गुरुदासा," दादा म्हणाला, "औंदा दत्तूचा घर मुंबयक गेला. एक वाटो रिकामो आसा. तू आमच्यात ये."

"दादा, दारूबंदी आहे."

"आठ वर्सां झाली तेका. बागेच्या राखणदार देवान आपलो वाटो सोडल्यान काय? विकूचा नाय, मिरवूचा नाय. बाळंतिणीक, पडशाक, खाडीत जाळा घेवन उभो रवता तेका, आणि देवाक. तू शिपायावांगडा शुद्ध बोलशीत. आमका तां जमणा नाय."

मी "विचार करून सांगतो" म्हणणार होतो. तोंडातून "बरं" गेलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत ती तुरुंगाची मावशी ठरणार असं दिसतं.

भीती स्वतःपुरती असती तर एक वेळ चाललं असतं. आमची एकुलती चंद्रावती लग्नाची आहे. परळचं स्थळ चालू आहे, मुलगा पोस्टात कारकून. मे महिन्यात बघायला येणार. बापाच्या हातात बेडी दिसली तर कारकून सोडाच, त्या कारकुनाचा पट्टेवालासुद्धा आमच्या दारात उभा राहणार नाही.

ही वही भाताच्या कणगीत ठेवायची. आणि यात 'दारू' हा शब्द लिहायचा नाही. (वर लिहिला गेला आहे. यापुढे नाही.)

१० मार्च

गूळ आला. हंगामाच्या सुरुवातीला बोंडांचा रस कमी पडतो, तेव्हा त्यात काळा गूळ घालतात. एकेका घराने थोडा थोडा आणला तर महाग पडतो आणि दुकानात दहा तोंडं विचारतात, म्हणून चौघांचा एकदम घ्यायचा ही रीत. कसालच्या गंगारामशेटकडून दोन पोती बैलगाडीने खाडीपर्यंत आली. तिथून सहदेवने होडीतून आणली. सहदेव म्हणजे पलीकडच्या काठावरच्या गंगूचा मुलगा. चौथा वाटा त्या मायलेकांचा. एक पोतं हौसाकाकीकडे गेलं, दुसरं गंगूच्या घरात ठेवलं.

गंगू मासळी विकते. जात आमची त्यांची एकच, पण आमचा नांगर आणि त्यांचं जाळं. आमच्या भावकीने त्या काठावर कधी सोयरीक केलेली नाही. वाट्यापुरतं मात्र सगळे सारखे, हे मला आवडलं.

मासे आणायला आमच्याकडून चंद्राच जाते. ज्या पैशात बाकीच्यांना चार बांगडे मिळतात, त्यात ती सहा आणते आणि वर मूठभर सुंगटं, म्हणजे कोळंबी. माझ्या मुंबईच्या नोकरीचा लोक अजून मान ठेवतात.

१९ मार्च

शिमग्याची गडबड संपली आणि पहिला घाणा निघाला. सकाळी गोळा केलेली बोंडं दुपारच्या आत हौसाकाकीच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, पोचली पाहिजेत, नाहीतर आंबूस वास धरतात. त्यामुळे चारी घरं पाट्या घेऊन पळत होती. चंद्राच्या डोक्यावरची पाटी उतरवायला सहदेव प्रत्येक वेळी धावत यायचा. पोरगा कष्टाळू आहे. माझी पाटी मात्र मलाच उतरवावी लागली. त्याचं लक्ष नसावं.

पहिलं माप राखणदाराचं. बागेच्या टोकाला आंब्याखाली त्याचा पाषाण आहे. भिकाजीदादाने गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, चार घरांनी मिळान जां केला, तां आधी तुझ्यापुढे ठेवला. चुकला माकला पदरात घी. खंयची वाकडी नजर असात ती परती फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मी हळूच म्हटलं, रस्ता जवळ आहे.

"मोठ्यान म्हण रे!" हौसाकाकी माझ्यावर खेकसली. म्हातारीचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पण भांडं आणि जीभ दोन्ही तिने लखलखीत ठेवली आहेत. "देवाक ऐकाक जावक नको?"

देवाला ऐकू जाईल ते शिपायाला नाही जाणार, असा काही नियम आहे का? विचारायचा धीर झाला नाही. चमचाभर घेतलं. दोन महिन्यांचा खोकला थांबला, हे मात्र खरं.

परळच्या मुलाचा फोटो आला आहे. चंद्राने बराच वेळ बघितला आणि "कान बरे आसत" म्हणाली. पसंत आहे बहुतेक.

२७ मार्च

कसालच्या बाजारात गेलो होतो. माणसांचा घोळका दिसला. मधे गंगारामशेट. दोन्ही हातांना बेडी, कमरेला दोर, दोर दारूबंदीच्या जमादाराच्या हातात. दुकानापुढे काळ्या गुळाच्या ढेपी फोडून टाकल्या होत्या आणि त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या. एवढा गूळ कुणाकुणाला विकला, तेवढं सांग, असं जमादार त्याला पुन्हापुन्हा विचारत होता.

गंगारामने मला पाहिलं. मग मान खाली घातली. ती माझ्यावर दया म्हणून की मी घेणाऱ्यांतला आहे हे आठवून, कोण जाणे. ज्या कामाला गेलो होतो ते न करता परत आलो. सावित्रीने जेवायला वाढलं, पान तसंच सारून उठलो.

२८ मार्च

कुत्रं भुंकलं, उठून बसलो. पोस्टमन आला, मागल्या दाराने विहिरीवर गेलो. सावित्री म्हणते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." तिला काय जातं म्हणायला. बेडी पुरुषाला घालतात.

२ एप्रिल

दार लावून, अंधारात लिहितो आहे. अक्षर वाचता येईल तेवढं येईल.

गंगूचं घर अगदी रस्त्याला लागून. गंगारामला धरल्यापासून तिला ते पोतं घरात नको झालं. भिकाजीदादाने परस्पर ठरवलं की पोतं गुरुदासाकडे ठेवायचं, कारण मुंबईहून आलेल्या शहाण्या माणसावर कुणी संशय घेणार नाही. सकाळी सहदेव पोतं खांद्यावर घेऊन आमच्या ओटीवर चढतो आहे, तोच मागून जमादार. सायकल फाटकाला टेकवून सावकाश आत आला. पन्नाशीचा, घाटावरचा माणूस, बोलणं अगदी गोड. त्याच गोडपणाची मला भीती वाटते.

"पोत्यात काय आहे?"

"गूळ," मी म्हटलं. खोटं सुचायला डोकं जागेवर लागतं.

"एवढा?"

"लग्न आहे घरात." हे कुठून आलं देव जाणे.

"कुणाचं?"

"मुलीचं."

"वा. मुलगा कुठला?"

मी परळ म्हणणार, तेवढ्यात त्याने सहदेवकडे बोट केलं. "आणि हा कोण? कसालचा गूळ खाडीतून होडीने गेला असं आम्हाला कळलं आहे. हा खाडीवरचा दिसतो. हा तुमच्या नात्यातला, की गुळातला?"

सहदेव पोत्यासकट खांबासारखा उभा. आता बेडी, आता दोर, आता सगळ्या गावादेखत कसालपर्यंत चालत, असं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. इतक्यात चंद्रा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. जमादारापुढे तांब्या ठेवला आणि खाली मान घालून म्हणाली, "ह्येच ते. ह्येंच्याशीच माझा लगीन ठरला आसा."

सहदेवने पोतं खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसला. घाबरला बिचारा.

जमादाराने पोत्याचं तोंड सोडून एक खडा जिभेवर ठेवला. "लग्नाला काळा गूळ?"

"तांदळाच्या शेवयो करतंव, शिरवाळे. तेंच्या रसाक काळोच होयो," सावित्री आतून म्हणाली. "गोऱ्या गुळाक चव नसता."

"तारीख?"

"अक्षय तृतीया."

जमादार पाणी पिऊन गेला. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. काय प्रसंगावधान पोरीचं! आणि सावित्रीनेही तारीख किती पटकन सांगितली, जणू दोघींचं आधीच ठरलं होतं. बुद्धी माझ्यावर गेली आहे चंद्राची, फक्त मला ती वेळेवर सुचत नाही.

३ एप्रिल

हौसाकाकीकडे गेलो आणि सांगितलं, पोतं खाडीत टाका, मला झोप नाही.

"गूळ दिसता म्हणान भियतंस ना?" ती म्हणाली. "मगे दिसाकच नको."

दुपारी चौघांनी पोतं फोडलं आणि सगळाच्या सगळा गूळ रसाच्या मडक्यांत ढकलला. एवढ्या रसाला एवढा गूळ कधी घालत नाहीत म्हणे, पण भीतीला प्रमाण नसतं. रिकामं पोतं मी घरी आणून घडी घालून ठेवलं. आता पुरावा नाही. आज झोप लागेल.

९ एप्रिल

आगीतून फुफाट्यात.

लक्ष्मीनारायणाच्या देवळातून येत होतो. तलावाच्या पायऱ्यांवर जमादार पाय धूत बसला होता. माझ्या आधी त्यानेच हाक मारली.

"गुरुदासराव, तयारी कुठवर? त्या पोत्याला हात लावू नका. लग्नाच्या दिवशी माझ्यासमोर उघडा. नोकरीत गुळाची लग्नं पुष्कळ ऐकली, एकही बघायला मिळालं नाही. हे बघणार."

पोतं कोनाड्यात घडी घालून पडलं आहे आणि त्यातला गूळ आता बाटल्यांत आहे. गूळ दाखवला नाही तर तो दारूत गेला हे तान्ह्या पोरालाही कळेल. लग्न दाखवलं नाही तर गूळ कशाला आणला होता, हा प्रश्न. चार घरं आत जातील. हौसाकाकीच्या हाडकुळ्या हातांना बेडी कशी बसेल, असला काहीतरी वेडा विचार दिवसभर डोक्यात.

घरी आलो तर भावकीतला सत्यवान मुंबईहून आलेला. परळच्या मंडळींचा निरोप त्याच्याकडे. तुमच्या मुलीचं गावातच ठरल्याचं कानावर आलं, खरं काय ते कळवा. कोकणातली बातमी बोटीच्या आधी मुंबईला पोचते. मी सत्यवानला म्हटलं, चार दिवसांनी सांगतो.

१५ एप्रिल

सहदेवला चौकीत नेलं. सकाळीच, होडीवरून.

दुपारी गंगू आली. अंगणातच उभी राहिली, सावित्रीने ये म्हटलं तरी ओटीवर चढली नाही. "सकाळधरना उन्हात बसयल्यानी हत तेका," ती म्हणाली. "पोता कोणाचा तां सांग, सोडतंव म्हणतत." मग माझ्याकडे बघितलं. "भाऊ, माझ्या झिलान तुमचा नाव घेवक नाय. तां सांगाक इलंय."

एवढंच बोलून गेली. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हणायला जागा मिळाली असती.

मी गेलो नाही. छातीत धडधडतंय म्हणून पडून राहिलो. लिहायला लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे. मनात आलं की तो बोलला नाही तर आपण सुटलो. चंद्रा समोर येऊन बसली. जेवली नाही, नुसती बघत होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

१६ एप्रिल

गेलो.

कसा गेलो ते सांगता येणार नाही. सावित्रीने कोट हातात दिला, कोट घातल्यावर माणूस घरात बसू शकत नाही. वाटेत दोनदा झाडाआड जाऊन आलो. नाक्यावरच्या चौकीपुढे अंगणात सहदेव उघड्या डोक्याने बसला होता. ओठ फुटलेले, मानेवर ऊन लागून कातडी लाल. समोर चहाच्या दुकानात दहा-पंधरा माणसं बघ्यासारखी. त्यांत आमच्या भावकीचे मानकरी दाजीकाका. नेमके तेच.

जमादार खुर्चीवर. "या गुरुदासराव. काही सांगायचं आहे?"

पोतं माझं म्हणायचं असं घरून ठरवून आलो होतो. सगळं आपल्यावर घ्यायचं. परंतु बेडी समोरच खिळ्याला टांगलेली होती. ती दिसली आणि मी ओरडलोच म्हणायला हवं, कारण चहावाल्यानेही वळून बघितलं.

"हा माझा जावई आहे, साहेब. अक्षय तृतीयेला लग्न आहे. नवऱ्यामुलाला कुणी उन्हात बसवतं? उद्या हळद लावायची ती या सोललेल्या मानेला? माझी मुलगी मला काय म्हणेल?"

जमादार माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "घेऊन जा."

दाजीकाका उठून, चहा तसाच टाकून निघून गेले.

परतीच्या वाटेवर सहदेव माझ्या मागून चालत होता. होडीशी आल्यावर म्हणाला, "भाऊ, तुमी बोललात तां माका सोडवक बोललात, माका म्हायत आसा. मगे लोकांका सांगा मोडला म्हणान. माझ्यावर घाला. तो दारू पिता म्हणान सांगा."

मी त्याला दंडाला धरून घरी आणलं. चंद्राने त्याला पाणी दिलं. तांब्या देताना तिने निम्मं पाणी सांडलं. कालपासून उपाशी होती, अशक्तपणा असणार.

१७ एप्रिल

सकाळी चंद्राने विचारलं. चुलीपुढे, माझ्याकडे न बघता. "बाबा, चौकीत तुमी जां सांगलात, तां खोटा होता?"

आता इथे खरं उत्तर सोपं होतं. हो म्हणायचं. परळ अजून वाट बघतं आहे. सहदेव स्वतः मोडायला तयार आहे. भावकी खूश. पण मला ते ऊन लागलेलं मानगूट दिसत होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो तेव्हा तो माझ्यासाठी गप्प बसला होता. जन्मभर मी इतरांच्या वेळा नोंदल्या, माझी वेळ आली तेव्हा मी एक दिवस उशिरा पोचलो. निदान पोचून जे बोललो, ते तरी फिरवू नये.

"खोटं कशाला बोलू?" मी म्हटलं. "पण तुझं काय? खाडीपलीकडे राहशील? मासळीचा वास, उधाणाचं पाणी. तुला बळी देतोय की काय, ह्याचीच मला भीती वाटते गो."

ती पदर तोंडाला लावून आत पळाली. रडत असावी. सावित्री म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाक वळसा." कुठला कळसा विचारलं तर भात उतरवायला गेली.

सत्यवानला सांगितलं, परळला कळव, बातमी खरी आहे.

२२ एप्रिल

लग्न ठरलं, पण पोतं रिकामंच. काळा गूळ आता कसालला विकत घ्यायला जाणं म्हणजे स्वतःच हात पुढे करणं. वाट्यातल्या चार घरांची बैठक भिकाजीदादाच्या बागेत झाली. मला वाटलं, आता भांडणं होणार.

हौसाकाकी म्हणाली, "आजपर्यंत एकत्र घेतला आणि वाटून नेला. औंदा उलटा करूया. घराघरातना मागूया."

"किती घरांतून?"

"पोता भरासर."

म्हणजे सगळ्या गावाला कळणार! "काकी, एकाने जरी चुगली केली तर?"

"मेल्या, गेली आठ वर्सां कोणाची पडशी कशान बरी झाली, तां गावाक म्हायत नाय काय?"

२९ एप्रिल

तीन-चार दिवस बायका पदराखालून गूळ आणून टाकताहेत. शेजारच्या मथुरेने कोल्हापुरी पिवळा आणला, भिकाजीदादाकडचा काळा, कुणी माडाचा, कुणी गेल्या वर्षीचा दगडासारखा झालेला. कुणाचा मुंग्या लागलेला. पोत्यात हात घातला की भीतीच वाटते, हा गूळ कसालचा म्हणून कोण मानेल? पण पोतं भरलं.

दाजीकाकांनी सांगून पाठवलं की त्या काठावरच्या लग्नाला आपण येणार नाही. त्यांच्या पाठोपाठ भावकीतली आणखी तीन घरं. वाईट वाटलं. सावित्री आणि चंद्रा मात्र शिरवाळ्यांचे साचे घासत गाणी म्हणताहेत. चंद्रा आमच्यासाठी हसरं तोंड ठेवते आहे, हे मला कळतं. गुणी पोर.

तीन दिवसांनी जमादार येणार. मी तुरुंगात गेलो तर औषधाची बाटली बरोबर नेता येते का, कुणाला विचारावं?

३ मे

काल लग्न झालं. सगळं लिहितो.

जमादार अक्षता पडायच्या आधी आला. गणवेशात नव्हता, धोतर-टोपी. त्यामुळे जास्तच भीती वाटली. सरळ माझ्याकडे आला. "पोतं?"

मांडवाच्या कडेला ठेवलं होतं. मी दोर सोडला. त्याने आत हात घातला. एक पिवळी ढेप काढली. मग काळी. मग माडाच्या गुळाची करवंटीच्या आकाराची वडी. मग मुंग्यांचा खडा, तो झटकून परत टाकला. शेवटी केळीच्या सुक्या पानात बांधलेली एक ढेप निघाली. ती मी बघितली नव्हती. पान ज्या पद्धतीने बांधलं होतं, तसं आमच्या वाडीत एकच माणूस बांधतो. दाजीकाका. स्वतः आले नाहीत, पण गूळ पाठवला होता.

"कसालचा गूळ फार रंगीत निघाला, गुरुदासराव."

"उन्हाळा आहे, साहेब. रंग बदलतो."

त्याने मांडवाकडे नजर फिरवली. सगळा गाव गुळाकडे बघत होता. हौसाकाकी पदर खोचून पुढे येऊन उभी राहिली होती. गंगू दोन्ही हात छातीशी धरून. मला वाटलं, आता शिट्टी वाजणार. त्याने ती केळीच्या पानातली ढेप पुन्हा नीट बांधली, पोत्यात ठेवली आणि म्हणाला, "असेल. आमच्याकडे असा गूळ होत नाही."

मग अक्षता पडल्या. भिकाजीदादाने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या दोन काठांचा आज एक झाला. खाडीचा पाणी जसा इकडना तिकडे जाता, तशी ही पोरां सुखान येवंदेत जावंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी मीही मोठ्याने म्हटलं. आणि माझ्या शेजारून घाटावरच्या उच्चारात आणखी एक "होय महाराजा" आलं. जमादार हात जोडून उभा होता.

पंगतीत त्याने शिरवाळे तीनदा मागून घेतले. सायकलीवर बसताना मला बाजूला घेतलं. "तुम्हाला दुसरी मुलगी आहे?"

"नाही साहेब. एकच."

"मग पुढच्या वर्षी गूळ आणाल तो बारशाला आणा."

मनाने चांगला माणूस निघाला. लग्नाच्या दिवशीच नातवंडाचा आशीर्वाद द्यायला मोठं काळीज लागतं. उगाच त्याला एवढा भ्यालो.

संध्याकाळी चंद्राला होडीत बसवलं. सहदेव वल्ही घेऊन, गंगू मधे, चंद्रा टोकाला. होडी सुटल्यावर ती वळून म्हणाली, "बाबा, भियां नको हां." मी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. होडी पलीकडे टेकली, तिच्या साडीचा पिवळा रंग झावळ्यांत दिसेनासा झाला, तरी मी तिथेच. शेवटी सावित्रीने कोपराला धरून आणलं.

६ मे

आज मासे आणायला मीच गेलो. दुसरं आहे कोण? सहदेव जाळं घेऊन बाहेर गेला होता, म्हणून महादूच्या होडीवर घेतले. नेहमीचे पैसे दिले. चार बांगडे. वर एकसुद्धा सुंगट नाही. मी म्हटलं, अरे, आमच्या घरी नेहमी सहा येतात. महादू नुसता हसला.

घरी येऊन सावित्रीला म्हटलं, "दिवस कसे बदलतात बघ. आता माझ्या मुंबईच्या नोकरीला कुणी विचारत नाही."

सावित्री हसायला लागली. इतकी हसली की विळी बाजूला सारून भिंतीला टेकली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी घाबरलो. पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, काय झालं विचारलं. तिने पुन्हा विळी ओढली.

जेवायला बसलो तर तिने सवयीने तीन पानं मांडली होती. तिसरं मी उचलायला गेलो, तर म्हणाली, "ऱ्हवांदे."

राहू दिलं.